इन्सुलिन पंपाची माहितीसभा : तीन तास गेले, त्यातली वीस मिनिटं खरी कामाची

माझा मधुमेह टाइप १. चौदाव्या वर्षी झाला, आज मी एक्केचाळीस वर्षांची आहे. पहिली नऊ वर्षं दिवसाला दोन सुया, नंतरची अठरा वर्षं दिवसाला चार. एकूण तेहतीस हजारांच्या आसपास सुया टोचून झाल्या. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे असले हिशोब डोक्यात आपोआप होतात. इतकी वर्षं पंप, म्हणजे अंगाला लावून दिवसभर इन्सुलिन सोडणारं छोटं यंत्र, घ्यायचा विचार केला नव्हता, कारण सुईचा मला त्रास होत नाही. त्रास आहे तो रात्रीचा.

रात्री झोपताना लांब पल्ल्याचं, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन १८ युनिट घेतलं, तर पहाटे तीननंतर शुगर चढायला लागते आणि सकाळी उठेपर्यंत १८०-१९० होते. २० युनिट घेतलं, तर सकाळचा आकडा सुधारतो, पण मध्यरात्रीनंतर शुगर खाली जाते. दोन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता माझा घामाने भिजलेला खांदा नवऱ्याच्या हाताला लागला, म्हणून त्याला जाग आली. त्याने शुगर मोजायची काडी लावून पाहिलं तर ४८. मला स्वतःला काहीच कळलं नव्हतं. तेव्हापासून तो गाढ झोपत नाही. या माहितीसभेचा कागद दवाखान्यात त्यानेच वाचला आणि म्हणाला, ‘अगं, घ्यायचा की नाही ते नंतर बघू. नुसतं ऐकून तर येऊ.’

सभा शनिवारी दुपारी होती, तीन तासांची. आधी डॉक्टरांचं भाषण, मग पंपांची ओळख, मग पंप वापरणाऱ्या तिघांशी गप्पा आणि शेवटी टेबलांवर पंप हाताळून बघायचे. प्रवेश खुला, नाव नोंदवलं की झालं. ऐंशीएक माणसं असावीत. माइक अधूनमधून बंद पडत होता, मागच्या रांगांना पहिली दहा मिनिटं काहीच ऐकू आलं नाही.

डॉक्टर फार चांगलं बोलले. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की पंप म्हणजे कृत्रिम स्वादुपिंड नव्हे. ती इन्सुलिन देण्याची एक पद्धत आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी बनवलेला पंप पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढा होता. १९७८ साली इंग्लंडमध्ये जॉन पिकअप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेखाली सतत थोडं थोडं इन्सुलिन सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि आजचे पंप त्याच तत्त्वावर चालतात. मग त्यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासाबद्दल सांगितलं. टाइप १ चे १,४४१ लोक त्यात होते. ज्यांनी शुगर काटेकोर सांभाळली आणि ज्यांना आधी डोळ्यांचा त्रास नव्हता, त्यांच्यात तो सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. पण त्याच गटात शुगर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. आणि त्या गटातल्या लोकांपैकी काही पंपावर होते, तर काही दिवसाला तीन किंवा जास्त सुया घेत होते. पंपाच्या सभेत डॉक्टरांनी ही गोष्ट लपवली नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

माझ्यासाठी खरा उलगडा झाला तो बेसलच्या आलेखात. पंपात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतंच. फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. ते दिवसभर थेंबाथेंबाने जात राहतं, त्याला बेसल म्हणतात. जेवणाच्या वेळी बटण दाबून जास्तीचं द्यायचं, ते बोलस. माझी १८ युनिटं चोवीस तासांवर सारखी वाटली तर ताशी ०.७५ युनिट पडतं. इन्सुलिनच्या पेनने एकदा टोचलं की ते तसंच कमी-जास्त सपाट जात राहतं, मध्येच कमी करता येत नाही. पंपात मात्र बारा ते तीन ताशी ०.५५ आणि तीन ते सात ताशी १ युनिट असं लावता येतं. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढतात आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो, म्हणून माझी शुगर चढते. १८ की २०, या प्रश्नाशी मी दोन वर्षं झगडत होते. त्या आलेखाकडे बघताना कळलं की एका आकड्यात त्याचं उत्तर मिळणारच नव्हतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वहीत तोच आलेख काढत होता.

नंतर बोलसचं गणित. ५०० ला दिवसाच्या एकूण इन्सुलिनने भागायचं. माझं एकूण ३८ युनिट, म्हणजे एक युनिट साधारण १३ ग्रॅम कर्बोदकांना पुरेल. १८०० ला ३८ ने भागलं की ४७, म्हणजे एक युनिट माझी शुगर साधारण ४७ ने उतरवेल. डॉक्टरांनी बजावलं की हे सुरुवातीचे अंदाज आहेत, प्रत्येकाने नोंदी ठेवून ते आपल्या डॉक्टरांबरोबर सुधारायचे, आणि पंपावर जाताना एकूण मात्रा बहुधा आधीपेक्षा कमी ठेवून सुरू करतात. पंप ही आकडेमोड स्वतः करतो. आधी दिलेलं इन्सुलिन अजून किती शिल्लक आहे तेही धरतो. हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण शुगर २४० दिसली की एक मात्रा घ्यायची आणि तासाने उतरली नाही म्हणून अधीर होऊन दुसरी घ्यायची, ही चूक मी अनेकदा केली आहे. तीन तासांनी दोन्ही मात्रा एकत्र अंगावर येतात.

इथवर सभेला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. यानंतरचा भाग मात्र मला खटकला. पंप विकणाऱ्यांच्या प्रतिनिधींना प्रत्येकी पंधरा मिनिटं ठरली होती. त्यातल्या एकाने पस्तीस मिनिटं घेतली आणि तीनदा म्हटलं, ‘एकदा लावला की विसरून जायचं.’ माझ्या पुढच्या रांगेत एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक शब्द लिहून घेत होत्या. त्यांनी हे वाक्यही लिहून घेतलं. मला त्याच क्षणी उठून बोलावंसं वाटलं. पंप विसरता येत नाही. दोन-तीन दिवसांनी कॅन्युला (त्वचेखाली राहणारी बारीक नळी) आणि पंपाच्या नळीचा सेट बदलायचा, दर वेळी जागा बदलायची, नाहीतर त्वचेखाली गाठी होतात आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जेवताना कर्बोदकं मोजून सांगायचीच. त्वचेला लावलेल्या, सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेले नवे पंप शुगर बघून बेसल आपोआप कमी-जास्त करतात. अशा पहिल्या पंपाला अमेरिकेत २०१६ साली मंजुरी मिळाली. पण तेही जेवणाचा अंदाज स्वतःहून करत नाहीत. हे सगळं नंतर डॉक्टरांनीच उभं राहून सांगितलं. मला त्यामुळे बरं वाटलं, पण ते त्या बाईंनी लिहून घेतलं की नाही, ते मला दिसलं नाही.

खर्चाचंही असंच झालं. पंपाची किंमत सांगितली गेली. पण सेट, इन्सुलिन भरायची साठवणी, सेन्सर हे सतत लागत राहतं, त्याचा महिन्याचा हिशोब कोणी फळ्यावर मांडला नाही. एका गृहस्थांनी विचारलं तर ‘नंतर टेबलाशी या’ असं उत्तर मिळालं. घर चालवणाऱ्या माणसाला हा आकडा सर्वांसमोर कळायला हवा होता. टाइप २ असलेले पुष्कळ लोक आले होते, त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्यं आली.

या सगळ्यात पंप वापरणाऱ्या तिघांना पाऊण तासाऐवजी वीस मिनिटं मिळाली. सबंध सभेत मला सर्वांत जास्त शिकवलं ते याच वीस मिनिटांनी.

पहिली, पंचविशीतली मुलगी. ती म्हणाली, ‘एका रात्री झोपायच्या आधी सेट बदलला. कॅन्युला आत वाकली होती, मला कळलं नाही. सकाळी मळमळत उठले, शुगर ३४६. पंपातूनच दोनदा दुरुस्तीची मात्रा दिली, ती आत गेलीच नाही. कीटोन तपासले तेव्हा कळलं.’ सभागृहात शांतता पसरली. मग डॉक्टरांनी कारण सांगितलं. पेनवाल्याच्या त्वचेखाली लांब पल्ल्याचं इन्सुलिन दिवसभर शिल्लक असतं. पंपवाल्याकडे तसा साठा नसतो. पुरवठा तुटला तर काही तासांतच रक्तात कीटोन नावाचं आम्ल वाढायला लागतं. म्हणून शुगर कारण नसताना २५० च्या वर गेली की कीटोन तपासायचे, दुरुस्तीची मात्रा पंपातून न देता पेनने किंवा सिरिंजने द्यायची आणि सेट नवा लावायचा. कीटोन वाढलेले असतील किंवा उलट्या सुरू झाल्या तर घरी थांबायचं नाही. त्या मुलीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. सेट सकाळी बदलायचा, म्हणजे पुढचे तास आपण जागे असतो. आणि फ्रिजमधलं गार इन्सुलिन लगेच भरायचं नाही, नळीत बुडबुडे येतात. पेन मात्र कायम पिशवीत. हे शिकायला तिला एक वाईट सकाळ काढावी लागली, आम्हाला ते बसल्या जागी मिळालं.

दुसऱ्या होत्या एका लहान मुलाच्या आई. त्यांच्या मुलाला एका वेळी पाव युनिट लागतं, आणि पेनवर अर्ध्या युनिटाखाली जाता येत नाही. पंपावर ०.०५ च्या टप्प्याने देता येतं. ‘आता तो जेवल्यावर बोलस देते, अर्धं टाकून उठला तरी पोटात गोळा येत नाही,’ असं त्या म्हणाल्या. त्यांना आणखी खूप बोलायचं होतं. घंटा वाजली.

तिसऱ्या आजोबांनी दीड वर्ष पंप वापरून सोडला होता. त्यांना बोलावलं, यासाठी आयोजकांचे मनापासून आभार. चिकटपट्टीने त्यांची कातडी लाल होऊन सोलायची, निरनिराळ्या पट्ट्या वापरून पाहिल्या. रात्री सेन्सरच्या बाजूला कूस वळली की दाबामुळे सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवायचा आणि गजर वाजायचा. त्यांनी सेन्सर ठेवला आणि इन्सुलिनसाठी पेनवर परतले. ‘पंप वाईट नाही हो. माझी बायको आजारी असते, तिला झोप हवी होती,’ एवढंच म्हणून त्यांनी माइक खाली ठेवला. माझ्या शेजारी नवरा एकदम ताठ बसला. आमच्या घरात झोपेचा प्रश्न नेमका उलट्या बाजूने आहे.

शेवटी टेबलांवर गेलो. एका सिस्टरनी सलाइन भरलेला पंप दाखवला आणि हवं तर कॅन्युला लावून बघा म्हणाल्या. मी पोटावर लावून घेतली. रबर ताणून सोडल्यासारखं एकदा लागलं, मग काही नाही. नळीवाला पंप कमरेला लावून मी वाकले, बसले, फळ्यावर लिहिल्यासारखा हात वर केला. दाराच्या मुठीत नळी अडकते का, हा माझा प्रश्न त्यांना आधीही अनेकांनी विचारला होता. अडकते, आणि नळी कपड्यांच्या आतून घेतली तर कमी अडकते. बिननळीचा पंप थेट अंगाला चिकटतो, त्यामुळे तो प्रश्न नाही, पण तो आंघोळीच्या वेळीही काढून ठेवता येत नाही. नळीवाला थोडा वेळ सोडवून ठेवता येतो. एमआरआयच्या खोलीत पंप न्यायचा नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. त्या एका टेबलाशी आम्ही चाळीस मिनिटं होतो आणि त्यांनी एकदाही घाई केली नाही.

पाचपैकी साडेतीन देते. अर्धा गुण महिन्याच्या खर्चासाठी कापला, एक त्या पस्तीस मिनिटांसाठी. पुढच्या सभेत वापरणाऱ्यांना आधी बोलवावं आणि विक्रेत्यांना शेवटी, असं मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून आले. तुमच्या जवळ अशी सभा असेल तर जरूर जा, घरात रात्री तुमच्यासाठी जो जागतो त्याला बरोबर न्या. आपल्या आठवड्याभराच्या नोंदीही न्या, त्याशिवाय तिथले आकडे आपले होत नाहीत.

निघताना डॉक्टरांना मी माझ्या रात्रींबद्दल विचारलं. ते म्हणाले, पंपाचं ठरवण्याआधी तीन रात्री बारा, तीन आणि सहा वाजता शुगर बघा आणि कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. काल तिसरी रात्र होती. तीनचा गजर मी लावला होता, पण उठून काडी नवऱ्याने लावली. बाराला १२१, तीनला ९८, सहाला १८४. आधीच्या दोन रात्रींचे आकडेही जवळपास असेच आहेत. मंगळवारी कागद घेऊन दोघं जाणार आहोत.