वाऱ्यात बलून: बांधलेला की मोकळा?
मुलांना गरम हवेच्या बलूनमधून फिरवायला घेऊन जाणारी मैत्रीण अडली आहे: दोरांनी जमिनीला बांधलेला बलून बरा, की मोकळं उड्डाण? बांधलेला सुरक्षित वाटतो, पण वारा असला की गणित उलटं होतं. मोकळा बलून वाऱ्याबरोबरच वाहतो, वर झुळूकही फारशी जाणवत नाही. धोका फुगवताना आणि उतरताना. ताशी 18 किलोमीटरच्या आसपास वाऱ्यात टोपली आडवी होऊन फरपटू शकते. तेव्हा गुडघे वाकवून आतल्या कड्या घट्ट धरायच्या. बांधलेला मात्र प्रत्येक झोताला अडतो: कापड एका बाजूने आत दबतं, दोर ताणतात, टोपली हिसके खाते. खर्च, वेळ त्यात कमी, एवढंच. लहान मुलं किंवा पाठदुखी असेल तर बांधलेलाच, तोही अगदी निवांत पहाटे. धडधाकट मोठ्यांना मोकळं उड्डाण. पायलट ‘आज नको’ म्हणाला, तर दोन्ही नको.