मँगनीजची पूड की बटाट्याची फोड?

मेडिकलमधून आणलेलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड बंद बाटलीत महिनोन्‌महिने टिकतं. त्याचं पाणी आणि ऑक्सिजन व्हायचंच असतं, पण मधला ऊर्जेचा चढ मोठा, मोलमागे सुमारे ७५ किलोज्यूल. कमी चढाची वाट काढून देणारे दोघं: मँगनीज डायऑक्साइड, आणि कच्च्या बटाट्यातलं कॅटलेज हे विकर (एन्झाइम). ऑक्सिजन दोघंही जास्त देत नाहीत, फक्त लवकर देतात.

मँगनीज तर आपल्या नागपूरकरांचं घरचंच. मनसर, कांद्रीच्या खाणींतून त्याचं खनिज निघतं. चिमूटभर काळी पूड टाकली की फसफस सुरू. काम झाल्यावर गाळा, धुवा, पुन्हा वापरा. उकळली तरी तिला काही होत नाही.

वेगात मात्र कॅटलेजला तोड नाही. त्याचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो, आणि ही करामत त्याच्या आत बसलेल्या लोहाच्या अणूची. पण नखरेही तसेच! मे महिन्यातलं आपलं ४५ अंश ते एकवेळ सोसेल. फोड उकळून टाकली तर ती मुकाट पडून राहते, कारण कॅटलेज हे प्रथिन, आणि त्याची घडीच उलगडलेली असते. लिंबाच्या रसानेही ते मंदावतं. शिवाय त्याला जवळपास पेरॉक्साइडच चालतं. मँगनीज डायऑक्साइड तापवलेल्या पोटॅशियम क्लोरेटमधूनही ऑक्सिजन सोडवतं.

घरी मुलांना दाखवायचं तर मी बटाटाच घेईन. किसून टाका, फेस जास्त येतो. ग्लासात धुमसती उदबत्ती धरली की टोक लखकन उजळतं.