कीवा अँटी-बुलिंग प्रोग्रॅम: लहान वर्गांसाठी बिनधास्त घ्या, मोठ्या वर्गांसाठी विचार करून

बुलिंगवर तुमच्या शाळेत काय करता असं विचारलं की बऱ्याच ठिकाणचं उत्तर ठरलेलं असतं. भिंतीवर पोस्टर, वर्षातून एकदा बाहेरून आलेला वक्ता, सगळ्यांनी मिळून घेतलेली शपथ आणि जिन्याखाली एक तक्रारपेटी, जिच्यात चिठ्ठी टाकताना कोणी बघितलं तर तोच पोरगा दुसऱ्या दिवशी 'चुगलखोर' ठरतो. मी शाळेत समुपदेशक आहे, अशा कार्यक्रमांनंतर मुलं माझ्यासमोर बसून काय सांगतात ते मी ऐकत आलेय, त्यामुळे या विषयावर खरंच विचार करून बनवलेलं काही दिसलं की मला त्याबद्दल बोलावंसं वाटतं. कीवा तसा आहे.

आधी एक सांगून टाकते. आमच्या शाळेने याचं लायसन्स घेतलेलं नाही, म्हणजे हा पूर्ण प्रोग्रॅम चालवून लिहिलेला रिव्ह्यू नाही. पण त्यावरचं संशोधन मी सतत वाचत असते आणि त्यामागचे एकदोन विचार माझ्या कामात वापरते, त्या जोरावर लिहितेय.

कीवा फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात तयार झाला, क्रिस्टीना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या टीमने केला, तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशातून. २००९ पासून तो देशभर सुरू झाला आणि पुढे तिथल्या जवळजवळ ९० टक्के शाळांनी नोंदणी केली. नंतर इतर देशांतही गेला. वर्गात घ्यायचे तास, कॉम्प्युटरवरचा गेम, पालकांसाठी माहिती, दरवर्षी मुलांचा सर्व्हे, आणि मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकांसाठी लांबून दिसतील अशी भडक जॅकेटं, असं सगळं त्यात येतं. जॅकेट ऐकायला फालतू वाटेल, पण मैदानात रडकुंडीला आलेल्या सात वर्षांच्या पोराला कुणाकडे धावायचं हे लांबूनच दिसतं, ते मला फार पटलं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आपण बुलिंग म्हटलं की दोनच माणसं बघतो, एक दादागिरी करणारा आणि एक सोसणारा, मग एकाला शिक्षा आणि दुसऱ्याला 'तू दुर्लक्ष कर' असा सल्ला. साल्मिवाल्ली १९९६ पासून सांगतायत की पूर्ण वर्ग त्यात असतो, कोणी दादाचा हस्तक, कोणी हसून त्याला चढवणारे, कोणी बाजूने जाणारे आणि थोडेसेच त्रास होणाऱ्याच्या बाजूने उभे राहणारे. दादाला हवा असतो तो भाव, वर्गातलं वजन, आणि ते त्याला बघ्यांकडूनच मिळतं, मग बघ्यांनी हसणं बंद केलं तर त्याला त्यातून मिळणार काय? कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावरचं मुलांचं वागणं कॅमेऱ्यात टिपलं होतं, २००१ साली त्यावर पेपर आला, त्यात बुलिंगच्या ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती, मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत, आणि जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा १० सेकंदांच्या आत प्रकार थांबला. १० सेकंद! कोणत्याही मोठ्या माणसाला हे जमत नाही, कारण मोठं माणूस तिथे नसतंच.

हे वर्गात कसं दिसतं ते सांगते. आठवीतल्या एका मुलाचा शिंकतानाचा फोटो कोणीतरी काढला, त्याचा स्टिकर केला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. मग काय, कोणी गृहपाठ विचारला तरी उत्तरात तोच स्टिकर, गुड नाइटला तोच स्टिकर, पोरगा शाळेत यायचं टाळायला लागला, पोट दुखतंय, डोकं दुखतंय. स्टिकर कोणी बनवला हे शोधून काढणं सोपं होतं पण तोपर्यंत अख्खा वर्ग तो वापरत होता, एकाला ऑफिसात उभं करून काय होणार होतं. मी आधी त्या मुलाला विचारलं की वर्गाशी बोलू का, तो हो म्हणाला, मग त्याचं नाव न घेता वर्गाला कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहिला, असा स्टिकर आला तेव्हा मी काय केलं आणि मनात काय आलं. चिठ्ठ्या मिसळून मोठ्याने वाचल्या. 'हसलो', 'मी पण पाठवला', आणि मग एकामागून एक, 'वाईट वाटलं पण बोललो नाही', 'मला आवडलं नव्हतं पण सगळे हसत होते', 'पुढचा नंबर माझा लागेल म्हणून गप्प बसले'. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच एकट्याला वाईट वाटतंय आणि बाकी सगळ्यांना मजा येतेय. हे एकदा सगळ्यांच्या समोर आलं की हवाच निघून जाते, त्या संध्याकाळी एका मुलीने ग्रुपवर 'आता बास करा ना यार' एवढंच लिहिलं आणि तिच्यामागे बरेच जण तेच लिहीत गेले.

कीवामध्ये हे काम नशिबावर सोडलेलं नाही, प्राथमिकच्या वर्गांत वर्षभरात १० दुहेरी तास त्यासाठी ठेवलेत आणि ते तास वर्गशिक्षकच घेतात, बाहेरचा कोणी नाही. हे फार बरोबर आहे, कारण बाहेरचा माणूस निघून जातो आणि मुलांना रोज भेटतात ते वर्गशिक्षकच.

दुसरी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तक्रार आल्यानंतर काय करायचं हे ठरलेलं आहे. शाळेतल्या तिघांची एक टीम असते. ती आधी त्रास होणाऱ्या मुलाशी बोलते, मग त्रास देणाऱ्यांशी एकेकाशी वेगवेगळं, मग त्यांच्या गटाशी, आणि प्रत्येकाकडून तो नेमकं काय बदलणार हे काढून घेते. वर्गशिक्षक वर्गातल्या दोनचार वजनदार मुलांना, म्हणजे ज्यांचं बाकीची पोरं ऐकतात त्यांना, त्या मुलाला सोबत द्यायला सांगतात. आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा बैठक, खरंच थांबलं का ते बघायला. हे वाचताना मला आपल्याकडे सर्रास होणारा तो प्रकार आठवतो, दोघांना समोरासमोर उभं करायचं, 'चला सॉरी म्हणा, हात मिळवा' आणि फाइल बंद. ज्याला त्रास होतोय त्याच्यासाठी ते म्हणजे आणखी एकदा सगळ्यांसमोर हरणं, आणि शाळा सुटल्यावर गेटबाहेर काय होतं ते कोणी विचारत नाही. मुलाने एकदा हिंमत करून सांगितलं आणि दोन आठवड्यांनी त्याला कोणी 'आता कसं आहे रे' विचारलंच नाही तर तो पुन्हा कधीच सांगत नाही, हे मी खात्रीने सांगते.

आता परिणाम. फिनलंडमध्ये मोठी चाचणी झाली, काही शाळांना प्रोग्रॅम दिला काहींना नाही, निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, आणि बुलिंग खरंच कमी झालं. चौथी ते सहावीत चिंतेचं प्रमाणही कमी झालेलं दिसलं. पण कोणाला वाटत असेल की हे आणलं की बुलिंग शून्यावर, तर तसं नाही. जगभरच्या अशा कार्यक्रमांचा एकत्र हिशेब मांडला तर बुलिंग साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतं. मला हे थोडं वाटत नाही, प्रत्येक वर्गातल्या एखाद्या पोराची सकाळ बदलते, पण शाळेने पालकसभेत 'बुलिंगमुक्त' वगैरे बॅनर लावू नये.

उणिवा आहेत आणि त्या दडवण्यात अर्थ नाही. लहान वर्गांत जितका फायदा होतो तितका तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत होत नाही, त्या वयात शिक्षकांनी शिकवलेलं चांगुलपण मुलांना नको असतं. प्राथमिकमध्येसुद्धा एका अभ्यासात दिसलं की कमी किंवा मध्यम पॉप्युलर दादांचं वागणं सुधारलं, पण जे सगळ्यात पॉप्युलर होते त्यांच्यावर काही फरक पडला नाही. आणि खरं तर तेच सगळ्यात अवघड असतात, हुशार, सरांचे लाडके, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारे, त्यांच्याबद्दल तक्रार आली की स्टाफरूममध्ये कोणाचा विश्वासच बसत नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी उणीव वेगळी आहे. ज्या वर्गांत बुलिंग कमी होतं तिथे जे एकदोघं अजूनही सोसत असतात त्यांची मानसिक अवस्था जास्त वाईट असू शकते, असं संशोधनातच पुढे आलंय. कारण सरळ आहे, सगळ्यांचं ठीक चाललंय आणि फक्त माझंच नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट असणार, असं त्या मुलाला वाटायला लागतं. अशा मुलाला वर्गातला तास पुरत नाही, त्याच्याशी एकट्याने बोलणारं, घरच्यांना विश्वासात घेणारं आणि गरज लागली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणारं माणूस लागतं. कीवाची टीम बुलिंग थांबवते, उपचार करत नाही, आणि शाळा नेमकी इथेच गल्लत करतात, प्रोग्रॅम आला आता समुपदेशक कशाला. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या मुलांवर लक्ष ठेवणारा एक मोठा अभ्यास आहे, त्यात लहानपणी वारंवार बुलिंग सोसलेल्यांमध्ये पंचेचाळिसाव्या वर्षीही नैराश्य आणि चिंता जास्त आढळली. म्हणजे त्रास थांबला तरी त्याचा व्रण आपोआप भरत नाही, ते काम वेगळं करावंच लागतं.

पालकांसाठी एक. शाळेने असा कोणताही प्रोग्रॅम घेतलाय म्हटल्यावर बॅनर बघू नका, विचारा की माझ्या मुलाने आज तक्रार केली तर उद्या त्याच्याशी कोण बोलणार, आणि दोन आठवड्यांनी परत कोण विचारणार. नावं घेऊन उत्तर आलं तर चांगलं. 'आमच्याकडे असं काही होतच नाही' हे उत्तर आलं तर तुमचं मूल काय सांगतंय ते जास्त लक्ष देऊन ऐका, जेवण कमी झालंय का, झोप लागत नाही का, फोन वाजला की दचकतं का, आणि मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल गमतीत जरी बोललं तरी थेट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

माझ्याकडून प्राथमिकसाठी पाचपैकी साडेचार, माध्यमिकसाठी तीन. ज्या शाळांना घ्यायचाय त्यांनी आधी त्या टीममधल्या तिघांच्या टाइमटेबलमधून तास मोकळे करावेत आणि समुपदेशकाची जागा भरावी, लायसन्स आणि ट्रेनिंगचं बोलणं त्यानंतर.