चिकूचं कलम घेताना: खिरणीचा खुंट, चिकूचा खुंट की गुटी?

मुंबईत राहून वसई, पालघर किंवा कर्जतकडे पाच-दहा गुंठे घेतलेल्या माणसाच्या यादीत आंब्याच्या खालोखाल चिकू असतोच. जातीवर फारसा वाद होत नाही. आपल्या पट्ट्यात कालीपत्ती लावतात, आणि २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकूही प्रामुख्याने तोच. पण रोपवाटिकेत बहुतेक जण जात आणि किंमत विचारून परत येतात. कलम कशावर बांधलंय, हे विचारायचं राहून जातं. चिकूचं झाड कित्येक दशकं उभं राहतं, आणि एवढा काळ त्याला धरून ठेवण्याचं काम खालचा खुंट करतो, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधतात ते रोप.

माझं मत आधीच सांगते: जमिनीत लावायचं असेल तर खिरणीवरचंच कलम घ्या.

खिरणी म्हणजे रायण, चिकूची अगदी जवळची नातलग. दोघी एकाच प्रजातीतल्या (जीनस मॅनिलकारा), म्हणून सांधा नीट जुळतो. खिरणी मूळची कोरड्या रानांतली, गुजरात-राजस्थानकडेही आढळणारी. सोटमूळ खोल नेणारी, लाकूड कठीण, उन्हाळा काढायची सवय असलेली. शनिवार-रविवारीच वाडीवर जाणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. एप्रिल-मे मध्ये एखादा आठवडा पाणी चुकलं, तर मुळं खोल गेलेलं झाड तग धरतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मात्र पाणी चुकवून चालत नाही, खुंट कोणताही असो.

खिरणीची अडचण तिच्या संथपणात आहे. बियांपासून वाढवलेलं रोप कलम बांधण्याजोगं जाड व्हायला दोन वर्षं सहज जातात, कधी जास्तही. म्हणून ही कलमं महाग पडतात आणि हवी तेवढी मिळतीलच असं नाही. पूर्वी यावर भेट कलम बांधत, म्हणजे खुंटाचं रोप मातृवृक्षाजवळ नेऊन त्याच्या फांदीला जोडत. आता कोवळ्या फांदीवरचं कलमही करतात. दोन्ही चालतात. सांधा पक्का भरलेला असला म्हणजे झालं.

गुटी कलमात खुंटच नसतो. पावसाळ्यात मातृवृक्षाच्या फांदीची साल गोलाकार काढून, ओलं शेवाळ आणि प्लास्टिक बांधून तिलाच मुळं फोडायची. झाड हुबेहूब आईसारखं निघतं आणि फळही लवकर धरतं. पण त्याला सोटमूळ नसतं, मुळं वरच्या थरात पसरतात. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या वाड्या आडव्या केल्या आणि पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ मुंबई-पालघरच्या किनाऱ्याजवळून गेलं. त्यानंतर समुद्राकडच्या उघड्या जागेत गुटीचं झाड लावा, असं मी कुणाला सांगणार नाही. भोवती उंच झाडांचा वाराअडव असेल आणि पाण्याची रोजची सोय असेल, तरच तिथे गुटीचा विचार करा.

चिकूच्याच बियांपासून केलेल्या खुंटावरचं कलमही कुठे कुठे मिळतं. बियांची रोपं एकसारखी निघत नाहीत, त्यामुळे एकाच रांगेत एक झाड जोमदार आणि दुसरं खुरटं राहू शकतं. दुसरा पर्याय असताना हे घेऊ नये. बिनकलमी रोपाचा तर विचारच सोडा. फळाला खूप वर्षं थांबायचं आणि फळ कसं निघेल ते नशिबावर. मोह आणि बकुळ याच कुळातले, त्यांच्यावरही कलमाचे प्रयोग झाले आहेत, पण खिरणीइतकं भरवशाचं काही ठरलेलं नाही.

आता गच्ची. दादर-पार्ल्याच्या सोसायटीत गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये चिकू लावायचा असेल, तर माझा सल्ला नेमका उलटा होतो. तिथे खोल जायला जागाच नाही, त्यामुळे खिरणीचा मोठा गुण वाया जातो. गुटीची पसरट मुळं ड्रममध्ये सुखाने राहतात. ड्रम मात्र कठड्याच्या आडोशाला ठेवा, झाडाला काठीचा आधार द्या आणि आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. ओल्या मातीचं वजन स्लॅबवर येतं.

काही जण विचारतात, झाड ठेंगणं ठेवणारा खुंट मिळेल का? नाशपतीला तशी सोय आहे. क्विन्स या तिच्या नातलग फळझाडाच्या खुंटावर ती आटोपशीर राहते, तर आपल्या हिमाचलात कैंथ या रानटी नाशपतीवर मोठी होते. चिकूत मात्र रोपवाटिकेत मागून असा खुंट मिळत नाही. उंची छाटणीनेच आवरावी लागते. पूर्वापार अंतर दहा बाय दहा मीटर, म्हणजे एकरी साधारण ४० झाडं. जागा कमी असेल तर झाडं कमी लावा.

खरेदीला दापोलीचं कृषी विद्यापीठ, त्याचं पालघरचं संशोधन केंद्र किंवा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करा. खासगी रोपवाटिकेत गेलात तर सांध्याखाली फुटवा आलेलं एखादं रोप शोधा. खिरणीचं पान टोकाला बोथट, बहुधा किंचित खाच असलेलं. चिकूचं टोकाकडे निमुळतं. खुंट खिरणीचा आहे की नाही, ते त्या फुटव्यावरून तिथल्या तिथे कळतं. लावताना सांधा मातीच्या वर राहू द्या, आणि खालून येणारा प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच खुडा. तो वाढू दिला तर खिरणी जोर धरते आणि वरची कालीपत्ती मागे पडते.