‘युलिसिस’ : चौदाव्या प्रकरणापर्यंतचा वापर

आयरिश लेखक जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी मी पावसाळ्याच्या तोंडावर फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतली. आता ती चौदाव्या प्रकरणात खूण घालून कपाटात गेली आहे आणि पुन्हा काढायचा विचार नाही. मधले काही महिने ती रोज माझ्याबरोबर बोरिवली-चर्चगेट हिंडली, तेव्हा हा अनुभव मुख्यतः लेडीज डब्यातला आहे असं समजा.

पुस्तक जाड. चौथी सीट मिळाली तर ठीक, उभ्यानं एका हातात पेलत नाही. १९२२ सालच्या आवृत्तीचा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या साइटवर फुकट आहे, त्यामुळे नंतर मी फोनवरच वाचायला लागले. ग्रुपमधल्या एका मावशींनी तोवर दोनदा विचारलं होतं, “काय गं, कुठली परीक्षा देतेयस?”

गोष्ट एवढीशी आहे. १६ जून १९०४, डब्लिन. लिओपोल्ड ब्लूम हा वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळवणारा माणूस सकाळी बायकोला चहा-नाश्ता नेऊन देतो, एका मयताला जातो, दिवसभर शहरात भटकतो आणि रात्री उशिरा घरी येतो. दुसरीकडे स्टीफन डेडलस नावाचा तरुण मास्तर आपल्याच डोक्यात हरवलेला. कथानक समजायला काहीच अडचण नाही. अडचण सांगण्यात आहे. प्रकरणं अठरा, आणि पुढंपुढं तर जवळजवळ प्रत्येकाची शैली निराळी. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, नुसती आडवी रेघ. मनातलं, तोंडातलं आणि निवेदकाचं एकाच ओळीत वाहतं.

याची भीती वाटायचं तसं कारण नव्हतं. संज्ञाप्रवाह, म्हणजे मनातले विचार येतील तसे वाहते मांडणं, मराठीला नवा नाही, मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी १९४२ची आहे. आणि खरंच, ब्लूमची प्रकरणं वाचताना मी दोनदा स्टेशन चुकवलं. चौथ्यात तो मांजराशी बोलत बोलत मूत्रपिंड परततो आणि वरच्या खोलीत बायकोशी बोलण्याच्या नादात ते खाली करपवतो. सहाव्यात घोडागाडीतून स्मशानाकडे जाताना बाकीचे मोठ्यांदा काय बोलतात आणि याच्या मनात काय चाललंय, यातली फट काय सुंदर पकडलीय! सातवं प्रकरण वर्तमानपत्राच्या कचेरीत घडतं आणि मध्ये मध्ये मथळे टाकलेले आहेत. लोकलसाठी याहून सोयीचं काही नाही. दहावं एकोणीस तुकड्यांचं आहे, दादरच्या पुलावर कठड्याला टेकून येणारीजाणारी माणसं बघावीत तसं.

तिसरं मात्र अवघड. स्टीफन समुद्रकाठी चालतोय आणि तत्त्वज्ञान, लॅटिन, आईचं मरण सगळं एकत्र घुसळतंय. वाचून काही लागेना. मग आयर्लंडच्या आरटीई रेडिओनं १९८२ साली केलेलं अख्ख्या कादंबरीचं वाचन ऐकलं. जवळजवळ तीस तासांचं आहे, पात्रांचे आवाज वेगवेगळे. ऐकताना कोण बोलतंय आणि कोण नुसतं मनात म्हणतंय ते लगेच उमगतं. बाराव्यातल्या दारूच्या गुत्त्यातला तो बिननावाचा, तिरकस निवेदक तर ऐकण्यातच आहे. म्हणजे हा अवघडपणा कष्ट घेतले की मोबदला देतो.

चौदावं देत नाही. निदान मला तरी नाही.

प्रसंग प्रसूतिगृहातला. वरती एक बाई बाळंतपणाच्या कळा सोसतेय, खाली तरुण डॉक्टर-विद्यार्थी पितायत, थट्टा करतायत. गर्भ वाढतो तशी इंग्रजी गद्याची वाढ दाखवायची म्हणून जॉइस एकेका काळाची शैली घेतो : आधी लॅटिन वळणाची, मग जुन्या इंग्रजीची, पुढं मॅलरी, बन्यन, स्विफ्ट, डिकन्स अशा एकेका लेखकाची, आणि शेवटी दारूड्यांची बरळ. कल्पना अफाट आहे, नाकारत नाही. पण नक्कल ओळखायला मूळ कानात असावं लागतं. कोणी लीळाचरित्राच्या वाक्यांनी सुरुवात करून, बखरीच्या थाटानं पुढं नेऊन, चिपळूणकरी निबंधातून काढून थेट नाक्यावरच्या बोलीत आणून आपटलं असतं, तर मी डब्यात एकटीच हसत बसले असते. इथं टिपा चाळायच्या, ‘ही अमक्याची शैली’ असं वाचायचं आणि मान डोलवायची. विनोद समजावून घेतल्यावर उरतो तेवढाच उरला. त्या सगळ्या सोंगांखाली बाळंत होणारी बाई तर जवळपास दिसेनाशीच होते, याचा मला राग आला.

रेडिओही इथं कामाचा नाही. आवाज ओळखू येतात, शैली कशी ओळखणार?

ऑफिसातले एक सर म्हणाले, “अहो, ते सोडा आणि पुढं जा.” पुढं पंधरावं आहे, सगळ्यांत लांब, नाटकाच्या रूपात. सतरावं नुसतं प्रश्नोत्तरांचं. शेवटचं, मॉली ब्लूमचं, मी उघडून पाहिलं : आठ प्रचंड वाक्यं, विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. गंमत म्हणजे ते चौदाव्यापेक्षा कितीतरी सोपं वाटलं, कारण बाई स्वतःच्या भाषेत बोलतेय. तरी वाचलं नाही. दिवसभर ब्लूमबरोबर चालल्याशिवाय त्या बोलण्याला वजन येणार नाही, आणि मधल्या तीन प्रकरणांसाठी माझ्यात उमेद उरलेली नाही.

तारे द्यायचे तर पहिल्या तेरा प्रकरणांना चार. इंग्रजी साहित्यात एमए केलेल्यांनी माझं चौदाव्याबद्दलचं मत खुशाल धरू नये. बाकीच्यांनी घ्यायची असेल तर सुरुवात चौथ्यापासून करा. पहिली तीन प्रकरणं स्टीफनच्या सकाळची आहेत, चौथ्यात घड्याळ परत आठावर येतं आणि ब्लूमचा दिवस सुरू होतो. त्यामुळे स्टीफनला नंतर भेटलात तरी काही बिघडत नाही.