स्टेनलेस सायलेन्सर आठ महिने वापरून: सगळा खेळ पॅकिंग रिंगचा

दोन महिन्यांनंतर विचारलं असतं तर या सायलेन्सरला पाचपैकी दोन दिले असते. आज चार देतो. मधला फरक इंजिन आणि पाईपच्या जोडात बसणाऱ्या पन्नास-साठ रुपयांच्या तांब्याच्या रिंगचा आहे.

गाडी १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली. जुना सायलेन्सर खालून सडला, म्हणून बेंड पाईपसकट (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाईप) पूर्ण सेट घेतला. बीएस-६ गाडीला असं करू नका. तिथे कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि ऑक्सिजन सेन्सर असतो.

तक्रार एकच होती: थ्रॉटल सोडला की फटाके. जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बदला, प्लग बदला, असे सल्ले सगळीकडून मिळतात. आधी हेडजवळ (इंजिनचा वरचा भाग) फ्लँजच्या, म्हणजे पाईप इंजिनला धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या, कडेला बघा. तिथे काजळीचा काळा ओघळ दिसला की लिकेज आहे. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळलेलं पेट्रोल पाईपमध्ये पेटतं. सायलेन्सरचा त्यात काही दोष नाही.

लिकेज होतं ते जुन्या रिंगमुळे. ती दाबून चपटी होते, काजळीने काळी पडते आणि पोर्टच्या (हेडमधलं धूर बाहेर पडायचं तोंड) आत हेडचाच भाग असल्यासारखी दिसते. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने कड उचलून काढावीच लागते. एकदा दबलेली रिंग दुसऱ्यांदा धरत नाही. जुनीवर नवी बसवली तर फ्लँज तिरका बसतो. नवी रिंग खाली पडू नये म्हणून तिला किंचित ग्रीस लावून पोर्टमध्ये चिकटवा.

नट खोलण्याची घाई नको. आदल्या रात्री स्टडवर (हेडमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे, ज्यांवर नट बसतात) गंज सोडवायचं तेल मारा. सकाळी इंजिन कोमट असताना पाना अर्धा फेरा सोडा, पाव फेरा आवळा, पुन्हा सोडा. स्टड हेडमध्ये तुटला तर लेथवाल्याकडे जावं लागतं आणि वाचवलेली मजुरी तिथेच जाते.

बसवताना सगळे नट आधी हातानेच लावा. मग इंजिनकडचे दोन आळीपाळीने, नंतर क्लॅम्प, मागचा ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. मागचा आधी आवळला तर पाईप ताणात राहतो आणि पांधणीच्या खड्ड्यांत ब्रॅकेटचा जोड तडकतो. एम-६ स्टडला साधारण १० न्यूटन मीटर पुरे. एकदा गाडी गरम करून, पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा आवळा. रिंग त्यानंतरच खरी बसते. पहिल्यांदा चालू करण्याआधी पाईप थिनरने पुसा, नाहीतर बोटांचे ठसे कायमचे भाजतात.

रिंग बदलल्यावर फटाके बंद, ॲव्हरेज जुन्याइतकंच. प्लगचा रंग तपकिरी आहे, म्हणून जेटला हात लावला नाही. पांढरा पडला असता, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असतं, तर मेन जेट एक नंबर वाढवावा लागला असता. डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडातली आवाज कमी करणारी नळी) काढू नका: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली आवाजासाठी १० हजारांपर्यंत दंड आहे, आणि वावराच्या वाटेवर बैलजोडी बुजते ती वेगळीच.

कापलेला एक गुण पाणी निघायच्या भोकाचा. ते इतकं बारीक दिलंय की पावसाळ्यात काळी माती एका फेरीत ते बुजवते. गरम पाईपवर ती विटेसारखी भाजून बसते. जवळच्या फेऱ्यांत आत साचलेलं पाणी मग बाहेर पडत नाही. जुना सायलेन्सर आतून असाच सडला होता. पाऊस असेपर्यंत दर रविवारी सायकलच्या स्पोकने भोक मोकळं करा.