नेरुळमधला कर्नाटक गायनाचा वर्ग: त्यागराजांकडे जाण्याआधी

शनिवार-रविवार सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये भरणाऱ्या या वर्गात मराठी मंडळी बरीच आहेत. बहुतेकांना तेलुगू संतकवी त्यागराजांच्या कृती, म्हणजे त्यांनी बांधलेल्या रचना, गायच्या असतात, आणि पहिले सहा-आठ महिने तरी त्या मिळत नाहीत. हा वर्ग चांगला आहे तो याचसाठी.

सुरुवात मायामाळवगौळ रागातल्या सरळी वरसांनी, म्हणजे साध्या सुरावटींच्या पाठांनी, होते, मग जंटा वरसे (जोडसुरांचे पाठ), मग सात तालांचे अलंकार. हा क्रम कन्नड संतकवी पुरंदरदासांनी घालून दिला असं मानतात. भैरव ऐकलेल्या कानाला हे सूर ओळखीचे वाटतात, पण रिषभ-धैवत झुलवायची सवय इथे पहिल्याच दिवशी थांबवतात. वरसा तीन काळांत गायचा: संथ, दुप्पट, चौपट. हाताचा वेग मात्र तोच. आदि तालाचा हात म्हणजे टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग ‘टाळी आणि उलटा हात’ ही जोडी दोनदा, अशी आठ अक्षरं (मात्रा). दुप्पट आली की गळ्याबरोबर हातही पळतो. अशा वेळी शिकवणाऱ्या बाई गाणं थांबवतात, नुसता हात चालू ठेवायला लावतात आणि सूर तोंडी बोलायला सांगतात. दोन-तीन आवर्तनांत हात जागेवर येतो.

वर्गाची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे शब्दांवर घेतलेली मेहनत. मलहरी रागातलं पुरंदरदासांचं ‘केरेय नीरनु केरेगे चेल्लि’ हे गीत घ्या. तळ्याचं पाणी तळ्यालाच वाहायचं, असा अर्थ. कन्नडमध्ये इथले सगळे ‘ए’ ऱ्हस्व आहेत. आपल्या नेहमीच्या लिपीत ऱ्हस्व ‘ए’ला वेगळं चिन्ह नाही, त्यामुळे मराठी माणूस ‘केरेय’ लांबवून म्हणतो. तीन मात्रांचा शब्द पाच मात्रांचा होतो आणि ताल चुकला असं वाटत राहतं, चुकलेला असतो उच्चार. बाई अशा अक्षरांवर लाल टिंब द्यायला सांगतात. तेलुगूतही हेच, त्यागराजांच्या ‘एवरि माट’ या कृतीतला पहिला ‘ए’ आखूडच. दुसरी खोड शब्दाचा शेवट तोडण्याची: ‘जगदानंदकारक’ म्हणताना शेवटचा ‘क’ पुरा हवा. ‘ळ’ मात्र आपल्याला शिकवावा लागत नाही. आणि पुरंदरदासांची मुद्रा (रचनेत गुंफलेली सही) ‘पुरंदर विठ्ठल’ आली की अभंगांवर वाढलेल्या माणसाचा आवाज आपोआप मोकळा होतो.

कृतीपर्यंत पोचल्यावर अडतं ते समेपाशी. ख्यालात मुखडा समेवर येऊन पोचतो. इथे पल्लवी, म्हणजे कृतीचा पहिला भाग, समेवरून उठते किंवा सम गेल्यावर अर्ध्या अक्षरानं. या जागेला एडुप्पु म्हणतात. बाई आधी नुसती टाळी देऊन, श्वास कुठे घ्यायचा ते दाखवून मगच शब्द देतात. पल्लवीच्या संगती, म्हणजे त्याच ओळीची वाढत जाणारी रूपं, एकेक करून पाठ करायच्या. मधली एखादी गाळली तर पुढचीचा चढ अवघड होतो.

उणीव आहे ती पट्टीची. सगळ्यांना एकत्र पेटीच्या पांढरी पाच या पट्टीवर बसवतात. बायकांना ती बरोबर बसते; पुरुषांना खालचे सूर पोचत नाहीत आणि वरचे ओरडावे लागतात. काळी एकची वेगळी तुकडी हवीच, महिन्याला १,६०० रुपये घेतल्यावर ही अपेक्षा जास्त नाही.

ऑनलाइन तुकडी घेऊ नका. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे हात कधीच एकत्र पडत नाही. शिवाय फोन तंबोऱ्याला गोंगाट समजून कापून टाकतो. घ्यायचीच असेल तर झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा आणि तंबोरा स्वतःच्या खोलीत दुसऱ्या फोनवर लावा.

पौष वद्य पंचमीच्या त्यागराज आराधनेआधी (त्यांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाआधी) दोन महिने पंचरत्नांची, म्हणजे त्यांच्या पाच खास कृतींची, तालीम असते. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री अशा पाचही कृती आदि तालात आहेत, त्यामुळे नवख्यांना मागे बसून हात द्यायला परवानगी मिळते. वही आणि लाल पेन बरोबर न्या.